अंगठेरावांचा नमस्कार

१७ फेब्रुवारी १९९२, सोमवार

या डायरीतला जानेवारी कोरा आहे आणि अर्धा फेब्रुवारीही. तेव्हा माझे दोन्ही पाय धड होते, त्यामुळे लिहायला बसायचा प्रश्न नव्हता. डायरी तशी माझी नाही. कुठल्याशा टॉनिकवाल्या कंपनीच्या माणसाने प्रमोदिनी सिस्टरना दिली, त्यांनी मला दिली. म्हणाल्या, 'हृषीकेश, तुझं तोंड पहाटेपासून चालू असतं. वॉर्डात आजारी माणसं आहेत. आता जे बोलायचं ते हिच्याशी बोल.' प्रत्येक पानाच्या तळाला लिव्हरची काळजी घ्या असं छापलंय. घेतो.

तर झालं असं. इंदोरला सांवेर रोडवर नट-बोल्टच्या कारखान्यात लागून मला पंधरवडाही झाला नव्हता. मेटॅडोरच्या मागच्या फळीवर पाय सोडून बसायची मला आवड. ड्रायव्हरने खड्डा चुकवला, माझा चुकला नाही. मांडीचं हाड मोडलं. गुडघ्याखाली हाडातून एक सळई आरपार घातलीय, तिला दोरी बांधलीय, दोरी पलंगाच्या टोकाशी चाकावरून खाली जाते आणि खाली विटा लटकतात. खऱ्या विटा, घर बांधायच्या. खांडव्यात मी टिकलो नाही, भोपाळला फोटो स्टुडिओत टिकलो नाही, रतलामला शेवेच्या दुकानात तर दिवाळीचा सीझनसुद्धा पुरा केला नाही. (रतलामची शेव तिथे गरम खाल्ली तरच शेव, हे लिहून ठेवतो.) आणि आता मला विटांनी बांधून घातलंय. एप्रिल संपेपर्यंत म्हणे.

रोज सकाळी सिस्टर येतात, पांघरूण वर करतात, माझ्या पायाच्या अंगठ्याला चिमटा काढतात आणि म्हणतात, 'अंगठेराव, नमस्कार करा.' मग मी अंगठा वर उचलायचा, पंजासकट. तो उचलला की सिस्टर मान वाकवून त्याला नमस्कार करतात. मला नाही, अंगठ्याला. पोरखेळच आहे एक प्रकारचा. पण हल्ली जाग आली की मी त्याचीच वाट बघत पडतो. आज जरा जास्तच जोरात उचलला तर विटा खडखडल्या.

गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला सिस्टर जुन्या चादरीची गुंडाळी लावून ठेवतात, पाय बाहेर लोळू नये म्हणून. मी विचारलं, लोळला तर काय होईल? म्हणाल्या, 'तुझ्यासारखा होईल. भटकत जाईल.'

२० फेब्रुवारी

शेजारच्या खाटेवर बाळकृष्णकाका आहेत. मिलमध्ये फोल्डिंग खात्यात होते, मतलब विणून रंगवून आलेलं कापड शेवटी यांच्या टेबलावर उलगडायचं आणि हे डाग, तुटका धागा बघायचे. डिसेंबरात मिल बंद झाली. साखरेचा आजार जुना, पायाला जखम झालीय ती भरत नाही. हे हॉस्पिटल मिलच्या शेठांनी कामगारांसाठी बांधलेलं. मिल गेली, हॉस्पिटल राहिलं. काका म्हणतात, 'म्हैस मेली भिया, दावं शिल्लक आहे.' (भिया म्हणजे भाऊ, इंदोरी.)

सकाळी सात वाजले की काका उठून बसतात आणि कोणाशी बोलत नाहीत. ती मिलच्या भोंग्याची वेळ. भोंगा काही आता वाजत नाही. सिस्टर त्या वेळी त्यांच्या जखमेला हात लावत नाहीत. बाकी सगळ्यांचं उरकून येतात आणि विचारतात, 'काका, लागली का पाळी?' काका म्हणतात, 'लागली.' मग ड्रेसिंग.

हे काय चाललेलं असतं मला कळत नाही. पण बघायला बरं वाटतं.

२ मार्च, सोमवार

आज वॉर्डात भाषण झालं. शेठांचा पुतण्या पियुष, तो आता इथला मॅनेजर. वय माझ्याहून फार नाही, टाय लावतो, चेहरा चांगला आहे. त्याने सगळ्या सिस्टरना उभं केलं आणि समजावलं. मिलकडून येणारी मदत थांबलीय, सिस्टर निम्म्या राहिल्यात, तेव्हा नवीन पद्धत. एकीने फक्त ताप आणि नाडी बघायची, सगळ्या वॉर्डाची. एकीने फक्त गोळ्या. एकीने ड्रेसिंग. एकीने इंजेक्शन. आधी प्रत्येक सिस्टरला सहा-सात खाटा वाटून दिलेल्या असायच्या आणि त्या खाटांचं सगळं तीच बघायची, ते बंद. पियुषसाहेब म्हणाले, 'पीथमपूर में जाकर देखिए, स्कूटर ऐसे ही बनता है. एक आदमी, एक काम. टाइम भी बचता है, गलती भी नहीं होती.'

काका मोठ्याने म्हणाले, 'स्कूटर रात्री पाणी मागत नाही, साहेब.'

सगळे हसले. साहेबही हसले. प्रमोदिनी सिस्टर हसल्या नाहीत. त्यांच्या वाट्याला इंजेक्शन आलं. मला वाटतं त्यांना बढती हवी असेल.

४ मार्च

ऑस्ट्रेलियात वर्ल्ड कप आणि आज पाकिस्तानशी मॅच! काकांचा ट्रान्झिस्टर आमच्या दोन खाटांच्या मधे. वॉर्डात कोणाचं काय दुखतंय हे आज कोणालाच आठवत नव्हतं.

ताप बघायला आता शर्वरी सिस्टर येते. कोर्स संपवून नुकतीच लागलीय, मुलगीच आहे, भरभर चालते. थर्मामीटर माझ्या तोंडात घातला, मनगट धरलं, मग काढून विचारलं, 'पाय हलतो ना?' तेव्हाच विकेट पडली. मी म्हणालो, 'हलतो, हलतो.' तिने लिहिलं आणि पुढच्या खाटेला गेली. खरंच हलतो, खोटं नाही बोललो. जिंकलो!! जिलेबी कोणीतरी वाटली, काकांनी चोरून खाल्ली.

९ मार्च

आज एक गोष्ट झाली ती लिहू की नको. सिस्टर ट्रे घेऊन आल्या. (सळईच्या जागी पू धरू नये म्हणून मला सकाळ-संध्याकाळ सुई.) मी मुद्दाम पांघरूण वर ओढून अंगठा ताठ उभा करून ठेवला होता. दिसणार नाही असं होणंच शक्य नव्हतं. त्या म्हणाल्या, 'कुठला हात?' मी डावा दिला. कापूस, सुई, कापूस, 'चोळ', आणि पुढची खाट.

अंगठा तसाच उभा. मला इतकं मूर्खासारखं वाटलं. लहानपणी महूला स्टेशनात गाडीला हात करत राहायचो तसं.

माझं काही चुकलं का? परवा मी त्यांच्यासमोर शर्वरी सिस्टरला 'तुमचा हात हलका आहे' म्हणालो होतो. त्याचा राग असेल. ठीक आहे. आता मीही उचलणार नाही. मागितला तरी नाही.

१४ मार्च

वॉर्डात आज कांड झालं. ड्रेसिंगवाल्या सिस्टर नव्या पद्धतीने बरोब्बर सातला काकांच्या खाटेशी पोहोचल्या. पहिली खाट सात वाजता म्हणजे सात वाजता. काका बसलेले, गप्प. त्यांनी पट्टी सोडायला हात घातला आणि काकांनी ट्रे उडवला. कात्री माझ्या खाटेखाली आली. काका ओरडत होते, 'माणसाला दोन मिनिटं उभं राहू देत नाही का?' उभे तर ते नव्हतेच, बसलेले होते. ड्रेसिंगवाली सिस्टर रडली. बिचारी तिची काय चूक. प्रमोदिनी सिस्टर तिकडच्या टोकाला सिरिंज भरत होत्या. बघितलं त्यांनी. बघून परत सिरिंजकडे बघितलं. आधी असतं तर धावत आल्या असत्या.

दुसरं म्हणजे माझी ती चादरीची गुंडाळी धोब्याकडे गेली ती परत आलीच नाही. पांघरुणवाल्या बाईंना विचारलं, त्या म्हणाल्या ते आमच्यात येत नाही. पण एका अर्थी बेस्टच झालं. आता पाय हवा तसा बाहेर टेकवून कलता येतं आणि कललं की खिडकीतून मल्हारगंजची गल्ली दिसते! पतंगाच्या कागदाचं दुकान, एक कल्हईवाला, आणि एक बाई जी रोज गाईला पोळी घालते आणि गाईशी भांडते. इतके दिवस हे सगळं चाललं होतं आणि मी छत बघत होतो.

१९ मार्च, धुळवड

पाऊल मुंग्यांनी भरलंय. वरच्या बाजूला, अंगठ्यापासून घोट्यापर्यंत. बसून बसून येतात तशा. गोळ्यावाल्या सिस्टरला म्हणालो तर म्हणाल्या, 'शर्वरीला सांग.' शर्वरी आली तेव्हा वॉर्डात लोक गुलाल घेऊन घुसलेले, ती त्यांना हाकलत होती. तिने विचारलं, 'सगळं ठीक?' मी म्हणालो, 'एकदम.' रंगाच्या दिवशी मुंग्यांची काय तक्रार करायची.

२१ मार्च

आज मीच विषय काढला. अबोला धरायला मला जमत नाही, तोंड दुखतं. सुई टोचत होत्या तेव्हा विचारलं, 'सिस्टर, तुम्हाला ही नोकरी आवडते का?'

मला वाटलं ओरडतील. त्या थांबल्या. सुई अजून माझ्या दंडातच.

म्हणाल्या, 'पूर्वी घरी जाऊन स्वयंपाकाला लागले की दिवसभरातले चेहरे आठवायचे. हा आज जेवला नाही, त्याच्या पोराचा पेपर आहे. आमचे हे चिडायचे. म्हणायचे, हॉस्पिटल घरी कशाला आणतेस. आता चिडायला जागा नाही. आता डोळे मिटले की नुसते दंड दिसतात, हृषीकेश. काळे, गोरे, केसाळ. कोणाचा कुठला, पत्ता नाही.'

मी हसलो, कारण मला वाटलं विनोद आहे. वॉर्डभर दंडच दंड. त्या हसल्या नाहीत.

मग मी म्हणालो, 'मग साहेबांना सांगा.' त्या म्हणाल्या, 'सांगितलं. साहेब म्हणाले, सिस्टर, जितना बताया उतना ही कीजिए. बरं म्हटलं. तेवढंच करते.' आणि ट्रे उचलून गेल्या.

त्यांचे मिस्टर मिलच्या ऑफिसात क्लार्क होते हे मला काकांकडून कळलं. म्हणजे आता घरी. मतलब, नोकरी आहे हेच केवढं, नाही का? सुई देणं तर हलकं काम. मला कोणी सांगितलं दिवसभर फक्त सुई दे, तर मी... नाही, दुपारपर्यंत पळून जाईन.

२३ मार्च, रंगपंचमी

गेर गेली, रंगपंचमीची मिरवणूक! इंदोरात राहून मी कधी गेर पडून बघितली नव्हती. सकाळपासून पाय बाहेर टाकून खिडकीकडे कलून पडलो तो चार वाजेपर्यंत. टँकरमधून रंग तिसऱ्या मजल्यापर्यंत उडत होता, ढोल असे की विटा हलत होत्या. एक उंट पण होता. उंटाला इतक्या गर्दीत काय वाटत असेल, त्याला कोणी विचारून आणलं असेल का, याचा मी बराच वेळ विचार केला.

काकांच्या बायको इंदुमतीकाकू डबा घेऊन आल्या. वॉर्डात रंग आणायला मनाई, तर पदराच्या गाठीत चिमूटभर गुलाल लपवून आणलेला. काकांच्या कपाळाला लावला. मला म्हणाल्या, 'तुला पण लावलाय हो.' मी म्हणालो, कुठे? तर माझ्या त्या अंगठ्याला! पावलावरपण थोडा. मला कळलंच नाही कधी लावला ते. काय सफाईचा हात बाईचा.

एक चांगलं झालं, मुंग्या गेल्या. पाऊल एकदम शांत.

२६ मार्च, गुरुवार

सगळं क्रमाने लिहून काढतो.

सकाळी सिस्टर सुई घेऊन आल्या. 'कुठला हात?' मी उजवा दिला. पांघरूण पायावरून सरकलेलं होतं. सुई काढून त्या वळल्या आणि वळता वळता थांबल्या.

'हे काय?'

मी म्हणालो, 'गुलाल. काकूंनी लावला.'

'कधी?'

'रंगपंचमीला.'

त्यांनी बोटावर मोजल्यासारखं केलं. म्हणाल्या, 'आणि अजून आहे?' मी म्हणालो, 'मग काय, गुलाल आपोआप थोडाच जातो.' मला खरंच कळलं नाही त्यात काय विशेष आहे. त्यांनी ट्रे खाली ठेवला, जमिनीवर. ट्रे जमिनीवर ठेवलेला कधी बघितला नव्हता. माझ्या पायाशी आल्या. गुडघ्याच्या बाजूला हात घालून चाचपलं, जिथे ती गुंडाळी असायची. मग चिमटा काढला. म्हणजे मला दिसला काढताना.

अगदी हळू म्हणाल्या, 'अंगठेराव, नमस्कार करा.'

मी त्या दिवशी ठरवलं होतं की मागितला तरी उचलणार नाही. पण त्यांचा चेहरा बघून म्हटलं जाऊ दे, करू. आणि उचलला. उचलला म्हणजे डोक्यात उचलला. पायात काही झालं नाही. पाऊल तिथेच पडून, खाली झुकलेलं, दुसऱ्या कोणाचं असावं तसं. मी दात आवळून पुन्हा केलं. विटा हलल्या. अंगठा नाही.

'सिस्टर, हा ऐकत नाहीये,' मी म्हणालो.

त्या धावल्या. वॉर्डात धावायची मनाई आहे.

२७ मार्च

हाडांच्या डॉक्टरांनी टाचणीने पावलावर टोचून बघितलं, डोळे मिटायला लावून. मला एकही टाचणी कळली नाही. म्हणाले, गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला हाडावरून एक नस जाते, अगदी कातड्याखालून. पाय बाहेर लोळून पलंगाच्या कडेच्या लोखंडी पट्टीवर दाबला गेला, नस दबली. तीच पाऊल उचलते. मी विचारलं, आता? ते खोटं बोलले नाहीत, चांगला माणूस. म्हणाले, 'येईल. काही आठवड्यांनी येईल, काही महिन्यांनी येईल. किंवा अर्धवट येईल. नाहीच आली तर पाऊल लोंबतं राहील, घासत चालावं लागेल.'

घासत. मी!

मग कळलं की तो नमस्कार म्हणजे पोरखेळ नव्हता. रोज त्या हेच बघत होत्या. मला का नाही सांगितलं? पण सांगितलं असतं तर मी भ्यायलो असतो आणि रोज रात्री स्वतःच उचलून उचलून बघितलं असतं, ते पण खरं.

दुपारी सिस्टर पायाला फळी बांधायला आल्या. गुंडाळी परत आली, नवीन चादरीची. मला वाटलं न पुसलेल्या गुलालावरून यांनीच पकडलं, यांनी नसतं बघितलं तर अजून किती दिवस गेले असते. म्हणून म्हणालो, 'सिस्टर, थँक्यू.'

त्या इतक्या कडू आवाजात म्हणाल्या, 'आभार मानू नकोस. दिवसातून दोनदा तुझ्या उशाशी उभी राहत होते मी. त्या दिवशी तू अंगठा वर करून ठेवला होतास. दिसला होता मला.'

मला त्यांचं मन हलकं करायचं होतं. म्हणून म्हणालो, 'पण तुमची काय चूक? तुमचं काम तर फक्त सुई होतं ना.'

असं बघितलं माझ्याकडे, जसं मी थोबाडीत मारली. पट्टीची गाठ अर्धी सोडून गेल्या. गाठ शर्वरीने येऊन मारली. तीही रडवेली. म्हणाली, 'तू हलतो म्हणालास म्हणून मी लिहिलं रे.' खरंय. मी म्हणालो होतो.

काका भिंतीकडे तोंड करून पडलेले. मग माझ्याकडे वळले. 'भिया, मिलमध्ये ताणावाला ताणा बघायचा, बाणावाला बाणा. पण शेवटी कोणीतरी कापडाचं पूर्ण थान टेबलावर पसरायचा. इथे टेबलच उचलून नेलं.' मला तेव्हा कापडाचं ऐकायचं नव्हतं. कोणाची चूक आहे तेवढं कोणीतरी सांगावं, मग मी त्याच्यावर चिडेन. पियुषसाहेब? शर्वरी? धोबी? उंट? मी?

२ एप्रिल

प्रमोदिनी सिस्टर सुट्टीवर गेल्या. बिनपगारी. कधी येणार, कोणाला माहीत नाही. सुई आता दुसऱ्या एक देतात. 'कुठला हात?' म्हणतात, तशाच.

८ एप्रिल

पियुषसाहेब येऊन माझ्या खाटेवर बसले. टाय नव्हता. नजर विटांवर. मग म्हणाले, 'आप बताइए, आप ही बताइए, इतनी कम सिस्टरों में मैं क्या करता?' मला कोणी कधी काही करायचं कसं ते विचारलेलं नाही. मी म्हणालो, मला काय माहीत साहेब, मी बी.कॉम. फर्स्ट इयर फेल. ते म्हणाले, त्यांच्या काकांना, म्हणजे शेठांना, हॉस्पिटल बंद करायचं आहे, या जागेत सात वर्षांच्या भाड्यावर कोणी टाइल्सचं शोरूम काढतोय. हॉस्पिटल वाचवायचंय ते एकट्या पियुषसाहेबांना. म्हणून पीथमपूर.

मग चिडायला हाही उरला नाही. जाताना त्यांनी माझ्या पावलाला हात लावला, देवाला लावतात तसा. मला कळला नाही अर्थातच. दिसला.

१० मे, रविवार

पुष्कळ दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काय, रोज सकाळी मीच मला म्हणायचो, अंगठेराव, नमस्कार. अंगठेराव झोपलेले. स्वतः म्हटलं की मजा नाही.

हाड जुळलं. विटा सोडल्या. मी त्यांतली एक मागितली, पण दिली नाही, दुसऱ्याला लागते म्हणाले. काठी दिली, पावलाला पट्टा दिला. पहिलं पाऊल टाकलं ते चपलेसकट फरशीवर फर्रकन घासलं. तो आवाज मला आवडला नाही.

काकांना आधीच घरी सोडलेलं. इंदुमतीकाकू मला सरळ त्यांच्या घरी घेऊन आल्या. 'एवढ्यात कुठे जातोस लंगडत,' म्हणाल्या. वडिलांना महूला पत्र टाकलंय. ते काही येणार नाहीत आणि मीही बोलावलं नाही.

३१ मे, रविवार

हलला.

पोहे खात बसलो होतो. काकूंची मांजर पायाशी आली आणि अंगठा हलला. मुंगीने मान उचलावी इतकाच. मला वाटलं मांजरीने हलवला. मांजरीला हाकललं आणि पुन्हा केलं. हलला! काका, काकू, शेजारची पोरं, सगळे माझ्या पायाभोवती उकिडवे. काका म्हणाले, 'कुठे हलला? भास आहे.' काकू म्हणाल्या, 'मला दिसला.' मग वाद सुरू झाला आणि अंगठा दमला.

आता काही दिवसांत निघतो. गुरुवारी खांडव्याला जाणारी बस, तिथून पुढे बघू. ओंकारेश्वरला नावेवर काम मिळतं असं ऐकलंय, नावेत चालावं लागत नाही.

पण रात्रभर एकच. हलला, तो कोणालातरी दाखवायला हवा. काका-काकूंना दाखवला तरी दाखवल्यासारखं वाटलं नाही. असं का?

२ जून, मंगळवार

राजेंद्र नगर लांब आहे. टेम्पोत पाय वर करून बसलो. पत्ता काकूंना माहीत होता. दार एका गंजीफ्रॉकमधल्या गृहस्थांनी उघडलं, सुधाकरराव, सिस्टरांचे मिस्टर. मी नाव सांगायच्या आत त्यांनी माझ्या पायाकडे बघितलं.

'तू त्या अंगठ्याचा का?'

'हो.'

'ये बाबा. दोन महिने झाले, आम्ही तिघं राहतो इथे. ती, मी आणि तुझा अंगठा.' मग आवाज बारीक करून, 'दुसरा पगार नाही घरात, मी बोलू शकत नाही. तू तरी बोल काहीतरी.'

सिस्टर मागच्या अंगणात पापड उलटत होत्या. साध्या साडीत त्यांना कधी पाहिलं नव्हतं, लहान दिसत होत्या. मला बघून उठल्या नाहीत. मीही काही बोललो नाही. मी! काठी भिंतीला टेकवली, पायरीवर बसलो, पट्टा सोडला.

त्यांनी पदराला हात पुसले. जवळ येऊन बसल्या. चिमटा काढला आणि तो मला कळला. पुरता नाही, जाड कांबळ्यावरून कोणी बोट लावावं तसा, पण कळला. मी 'आ' केलं.

'अंगठेराव,' त्या म्हणाल्या. पुढचं म्हणाल्याच नाहीत.

मी उचलला. जेमतेम. त्यांनी मान वाकवली नाही. म्हणाल्या, 'पुन्हा.' मी पुन्हा. 'पुन्हा.' पापडांवर कावळा आला तरी त्यांनी बघितलं नाही. सुधाकरराव दारातून हाड-हाड करत होते.

मग एकदम कडक, वॉर्डातल्यासारखं, 'सकाळी व्यायाम कोण करून घेतं तुझ्याकडून?'

'कोणी नाही.'

'पट्टा रात्री काढतोस?'

'गरम होतं म्हणून...'

'गाढव आहेस. उद्या पुन्हा ये.'

मी म्हणालो, 'उद्या येतो, पण परवा खांडव्याची बस आहे. मी चाललो.'

'जा की,' त्या म्हणाल्या. 'तुझा पाय, तुझा रस्ता.' आणि पापड उलटायला गेल्या. निघताना मी विचारलं नसतं तरी चाललं असतं, पण विचारलं, 'सिस्टर, तुम्ही परत कधी जाणार?' त्या म्हणाल्या, 'तिथे जाऊन काय करू? सुई कोणीही देतं.' मग पाठमोऱ्याच, 'तुझ्या खाटेवर आता कोण आहे?'

मला माहीत नव्हतं. मी म्हणालो, कोणीतरी असेलच की. त्या हातात पापड घेऊन तशाच उभ्या राहिल्या.

३ जून

गेलो. दहा वेळा उचलायला लावला. दहाव्याला हलला नाही तर म्हणाल्या, दमला, असू दे. आल्याचा चहा. माझ्याबद्दल एक शब्द नाही, नुसतं वॉर्डातलं विचारत होत्या. काकांची जखम भरली का. शर्वरी अजून भरभर चालते का. जे माहीत होतं ते सांगितलं, नव्हतं ते पण सांगितलं.

४ जून, गुरुवार

बस सकाळची होती. पिशवी भरलेली. काकूंनी दशम्या बांधून दिल्या. स्टँडवर जायला टेम्पोत बसलो आणि टेम्पो राजेंद्र नगरचा निघाला. चुकून बसलो असं मी लिहिणार होतो, पण ही डायरी कोण वाचतंय. पाटी मी वाचली होती.

सिस्टर फाटकातच उभ्या. पांढरी साडी, छातीशी उलटं घड्याळ लावलेलं. सुधाकरराव मागे त्यांचा डबा घेऊन.

'उशीर केलास,' त्या म्हणाल्या.

मी येणार असं मी सांगितलंच नव्हतं! मी तर आज जाणार म्हणालो होतो. मला काही कळेना. मी पिशवी पाठीमागे लपवली, इतकी मोठी पिशवी कुठे लपते.

तिथेच फाटकाला धरून पट्टा सोडला. नमस्कार केला. कालच्याहून थोडा वर. आज त्यांनी मान वाकवली. पाव्हण्याला करतात तसा रीतसर नमस्कार, रस्त्यावर, लोक बघत असताना.

'काल साहेबांकडे जाऊन आले,' त्या म्हणाल्या. 'सुया देईन म्हटलं, पण माझ्या पद्धतीने. सुई टोचली की माणूस काहीतरी बोलतंच, ते मी ऐकणार. त्याला जेवढा वेळ लागेल तेवढा लागेल. आणि जाता-येता पाय बघणार.'

'साहेब काय म्हणाले?'

'म्हणाले, बघू. आता ते बघतील, मीही बघते. चल, टेम्पो चुकेल.'

मला मल्हारगंजात काही काम नव्हतं. तरी मी त्यांच्या शेजारी बसलो, पिशवी मांडीवर. खांडव्याची बस एव्हाना सुटली असेल. त्या खिडकीबाहेर बघत होत्या आणि मधेच, न बघता, बोटाने माझ्या पंजावर टकटक केलं. मी उचलला. पुढच्या स्टॉपला पुन्हा टकटक.